बालकांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाची अरुंद धमनी

(म्हापसा येथे ग्रामस्थ, शिक्षक आणि पंचायत व आरोग्य खात्याचे कर्मचारी यांच्यासमोर वाचलेल्या भाषणाचा मजकूर)

रक्तदाब हा शब्द कानी पडला म्हणजे डोळ्यांसमोर पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ उभा राहतो. त्याला मीठ कमी करण्यास सांगितलेले असते, सकाळी एक गोळी घ्यावयाची असते आणि ती तो अधूनमधून विसरत असतो. सहा वर्षांच्या मुलालाही रक्तदाबाचा विकार असू शकेल, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. घरच्या माणसांच्या येत नाही, शाळेत गुरुजींच्या येत नाही, आणि पुष्कळदा दवाखान्यातही येत नाही. मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, घसा पाहतात, ताप पाहतात. दंडाला पट्टा मात्र बांधला जात नाही. पट्टा न बांधल्यामुळे एक असा विकार वर्षानुवर्षे लपून राहतो, की जो वेळीच ओळखल्यास पुष्कळ अंशी आटोक्यात येतो आणि न ओळखल्यास मेंदू, हृदय व डोळे यांची कायमची हानी करतो. मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद होणे, हा तो विकार होय.

लहान मुलांत तीव्र रक्तदाब क्वचितच आढळतो. परंतु मोठ्या माणसांत आणि मुलांत एक महत्त्वाचा भेद आहे. मोठ्या माणसाच्या रक्तदाबामागे बहुधा एकच एक कारण सापडत नाही. मूल जितके लहान आणि दाब जितका अधिक, तितके त्यामागे निश्चित कारण असण्याचा संभव वाढत जातो. या कारणांत मूत्रपिंडाचे विकार अग्रभागी असतात. ज्या मुलांना रक्तदाबाचा विकार जडतो, त्यांपैकी शंभरात सुमारे पाच ते दहा मुलांच्या बाबतीत मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली असते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. अशा मुलांपैकी काहींच्या अंगी एखादा दुर्मिळ जनुकीय विकार असतो, आणि त्याच्या खुणा कित्येकदा जन्मापासून सर्वांना दिसत असतात.

मूत्रपिंड दाब का वाढविते?

मूत्रपिंडे दोन. प्रत्येक सुमारे त्या व्यक्तीच्या मुठीएवढे. एवढ्याशा या अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. रक्त गाळणे आणि मूत्र तयार करणे हे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. शरीरातील रक्ताचा दाब राखणे हे त्यांचे दुसरे काम मात्र फारसे परिचित नाही. हे काम समजून घेण्यासाठी पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांतील शेतकऱ्याला दूर जाण्याचे कारण नाही. तिळारी धरणाचे पाणी कालव्यांनी या भागात येते. समजा, कालव्याच्या शेवटी असलेल्या एका शेतकऱ्याच्या पाटात दरड कोसळली आणि पाटाचे तोंड अर्धे बुजले. शेतकऱ्याला दरड दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की शेतात पाणी येत नाही. धरणातच पाणी कमी सोडले असावे असे समजून तो वरच्या कर्मचाऱ्याकडे निरोपामागून निरोप धाडतो: पाणी वाढवा. दारे अधिक उघडली जातात. त्याच्या शेतात थोडे अधिक पाणी येते खरे. परंतु वाटेतील इतर सर्व शेतांचे बांध त्या लोंढ्याने फुटू लागतात.

धमनी अरुंद झालेल्या मूत्रपिंडाची स्थिती नेमकी अशीच असते. आपल्याकडे रक्त कमी येत आहे, एवढेच त्याला कळते. शरीरातच रक्ताचा दाब उतरला आहे अशा समजुतीने ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्या द्रव्यापासून सुरू होणाऱ्या क्रियांमुळे अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ व पाणी शरीरात साठून राहते आणि दाब चढतो. मूत्रपिंडाची निकड अंशतः भागते. पण मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या, डोळ्यांचे पडदे आणि रात्रंदिवस राबणारे हृदय यांच्यावर भार पडतो. मूत्रपिंडाने चूक केली असे म्हणता येत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी वार्ताच चुकीची असते. यास्तव केवळ दाब उतरविणे पुरेसे नाही, पाटातील दरड कोठे आहे हे शोधले पाहिजे.

हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. रेनिन हे द्रव्य १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशांच्या मूत्रपिंडांत आढळले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अंशतः दाबून धरली आणि दाब चढून तसाच राहतो हे सिद्ध केले. चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, लेडबेटर आणि बर्कलंड या वैद्यांनी अशा एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, की ज्याचे रक्त कमी मिळणारे मूत्रपिंड काढून टाकताच दाब पूर्ववत झाला. तो रुग्ण जेमतेम साडेपाच वर्षांचा मुलगा होता. मोठ्यांचा म्हणून समजला जाणारा हा विकार शस्त्रक्रियेने बरा होतो, हे प्रथम एका बालकाने दाखवून दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अंगावरच्या खुणा

धमनी अरुंद होण्याची कारणे अनेक आहेत. भारतात मुलांच्या बाबतीत ताकायासूचा विकार हे प्रमुख कारण समजले जाते. या विकारात महाधमनी व तिच्या शाखा यांच्या भिंतींना दाह होतो. जपानमधील नेत्रवैद्य मिकिटो ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. तो जन्मजात नव्हे. काही मुलांत मात्र धमनीच्या भिंतीची घडणच जन्मतः सदोष असते, आणि त्यामागे जनुकांतील बदल असतो. अशा दुर्मिळ विकारांपैकी दोहोंची ओळख ग्रामीण भागातील शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना असणे अगत्याचे आहे.

पहिला विकार न्यूरोफायब्रोमॅटोसिस. जर्मनीतील फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्या नावानेही तो ओळखला जाई. त्याचा जो प्रकार अधिक आढळतो, तो सुमारे तीन हजार जन्मांमागे एका बालकात असतो. त्याची मुख्य खूण म्हणजे अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग. एखादा दुसरा असा लासा पुष्कळांच्या अंगावर असतो आणि त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग आढळले, तर ते मूल वैद्याला दाखविले पाहिजे. काखेत वा जांघेत बारीक ठिपके दिसणे, पुढे त्वचेवर मऊ गाठी येणे, पाठीचा कणा वाकडा होणे, वाचन-लेखनात मागे पडणे, या आणखी काही खुणा होत. अशा थोड्या मुलांत मूत्रपिंडाची धमनी, बहुधा तिच्या उगमापाशीच, जाड व अरुंद झालेली असते.

दुसरा विकार विल्यम्स यांच्या नावाने ओळखला जातो. न्यूझीलंडमधील डॉ. विल्यम्स यांनी १९६१ मध्ये आणि जर्मनीतील डॉ. बॉयरेन यांनी १९६२ मध्ये त्याचे वर्णन केले. रबरासारखी लवचिकता ज्या द्रव्यामुळे रक्तवाहिन्यांना लाभते, त्या इलास्टिनचे जनुक या मुलांत सातव्या गुणसूत्राच्या एका जोडीदारावरून गळून गेलेले असते. परिणामी हृदयातून निघणारी महाधमनी आणि कधी कधी मूत्रपिंडाच्या धमन्या जाड व अरुंद होतात. ही मुले ओळखीस अवघड नसतात. ती कमालीची बोलकी व प्रेमळ असतात, अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडतात. संगीताची त्यांना ओढ असते. भजनाच्या बैठकीत टाळ घेऊन सर्वांत पुढे बसणारे, परंतु फटाक्याच्या किंवा घुमटाच्या मोठ्या आवाजाने कान झाकणारे, गोड बोलणारे पण बेरीज-वजाबाकीत फार मागे पडणारे मूल असेल, तर त्याचे हृदय व रक्तदाब तपासून घेणे इष्ट होय. अर्थात गाण्याची आवड असलेले प्रत्येक मूल रोगी नव्हे. अनेक खुणा एकत्र आल्या तरच शंका घ्यावयाची.

या दोन्ही विकारांत एक धोका सारखाच असतो. दिसणाऱ्या खुणेकडे सर्वांचे लक्ष लागते आणि न दिसणारी खूण मागे राहते. डागांसाठी मलमे आणली जातात, अभ्यासासाठी शिकवणी लावली जाते, हृदयातील आवाजासाठी तपासणी होते. आणि रक्तदाब मोजावयाचा राहून जातो. वास्तविक ज्या मुलाच्या अंगी असा विकार निश्चित झाला आहे, त्याचा रक्तदाब दर वैद्यकीय भेटीत, निदान वर्षातून एकदा तरी, मोजला गेला पाहिजे. मूल ठणठणीत दिसत असले तरीही मोजला पाहिजे. कारण चढलेला दाब पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवीत नाही.

लक्षणे दिसतात तेव्हा

लक्षणे दिसू लागतात तेव्हा ती दुसऱ्याच विकाराची वाटतात. डोके दुखणे, सकाळी उलट्या होणे, अंधुक दिसणे, लवकर दमणे, तहान वाढून वारंवार लघवीस जाणे, वजन न वाढणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे आणि अखेरीस आकडी येणे, अशी ती लक्षणे होत. एक कल्पित उदाहरण घेऊ. डिचोली तालुक्यातील एखाद्या खेड्यात नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचे डोके दुखते, म्हणून चष्मा लावण्यात येतो. ती वर्गातून वारंवार बाहेर जाते, म्हणून तिला बाकावर उभे करण्यात येते. एके दिवशी तिला आकडी येते आणि फेफऱ्याची औषधे सुरू होतात. चष्मा देणारा, शिक्षा करणारा आणि औषध देणारा, यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तथापि एक वर्ष वाया गेले, आणि त्या वर्षात हृदयाची भिंत जाड झाली, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त साकळले. पहिल्याच डोकेदुखीच्या वेळी दोन मिनिटे खर्चून दाब मोजला असता, तर हे टळले असते.

यावरून शिक्षकांनी एवढे घ्यावे, की वारंवार डोके दुखणाऱ्या किंवा वारंवार लघवीस जाणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याची आरोग्यतपासणी करवून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्या कार्यक्रमान्वये जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांत व शाळांत होते. तपासणीचे पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवणे, हे शिक्षकांच्या हातचे काम आहे.

दाब मोजण्याची रीत

मुलाचा दाब मोजणे कठीण नाही, परंतु त्याची रीत आहे आणि ती मोडली तर आकडा फसवा येतो. पहिली गोष्ट पट्ट्याची. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे चाळीस टक्के असावी आणि तिच्या लांबीने दंडाचा बहुतेक घेर वेढला जावा. दंडाचा घेर वीस सेंटिमीटर असेल, तर पिशवी सुमारे आठ सेंटिमीटर रुंद हवी. मोठ्या माणसाचा रुंद पट्टा लहान मुलाच्या दंडाला बांधला, तर दाब खऱ्याहून कमी दिसतो. म्हणजे जो चढलेला दाब सापडावयास हवा, तोच झाकला जातो. उलट पट्टा फार अरुंद असेल तर निरोगी मुलाचा दाबही चढलेला दिसतो. प्रत्येक आरोग्य केंद्रात मुलांसाठी निरनिराळ्या मापांचे पट्टे असणे ही चैन नव्हे. औषधांची मागणी नोंदविताना हे पट्टे आहेत की नाहीत, ते फाटलेले तर नाहीत, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट शांततेची. मूल पाच मिनिटे स्वस्थ बसलेले असावे, पाठीला टेका असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत आणि उजवा हात हृदयाच्या पातळीत असावा. रडणाऱ्या किंवा धावून आलेल्या मुलाचा आकडा ग्राह्य धरू नये. एकदाच आलेल्या मोठ्या आकड्यावरून विकाराचा शिक्का मारू नये. तीन निरनिराळ्या भेटींत दाब चढलेला आढळला तरच निदान करावे. मात्र आकडा फारच मोठा असेल, किंवा सोबत डोकेदुखी, उलट्या वा आकडी असेल, तर पुढील भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

तिसरी गोष्ट आकडा वाचण्याची. मोठ्या माणसाच्या मापाने मुलाचा आकडा वाचणे ही सर्वत्र होणारी चूक आहे. एकशे तीसवर ऐंशी हा आकडा पाहून पुष्कळांना समाधान वाटते. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तोच आकडा धोक्याची सूचना होय. मुलाचा दाब त्याचे वय, उंची व लिंग यांनुसार ठरतो आणि त्यासाठी तक्ते आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये चाळणीसाठी सोपे आकडे दिले आहेत. पाच वर्षांच्या मुलाचा दाब १०३/६३, दहा वर्षांच्या मुलाचा १०८/७२ आणि तेरा वर्षे व त्यापुढे १२०/८० एवढा किंवा त्याहून अधिक आढळल्यास तक्त्यात पाहून पुन्हा तपासणी करावयाची असते. मुलींचे आकडे एखाद्या अंकाने भिन्न असतात. हे आकडे रोगाचे नव्हेत, तर अधिक लक्ष देण्याचे आहेत. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक मुलाचा दाब वर्षातून एकदा मोजावा, अशीही त्या संस्थेची शिफारस आहे.

शोध आणि उपचार

दाब खरोखरच चढलेला आहे असे ठरल्यानंतर कारणाचा शोध सुरू होतो. लघवी व रक्त तपासतात. मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून त्यांचा आकार व धमन्यांतील रक्ताचा वेग पाहतात. हृदयाची व डोळ्यांची तपासणी करतात. पायांचाही दाब मोजतात, कारण महाधमनीच मध्ये अरुंद असेल तर हातापायांच्या आकड्यांत अंतर पडते. त्यानंतर आवश्यकतेनुसार सीटी किंवा एमआरआय यंत्रावर धमन्यांची चित्रे काढतात. तरीही सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे जांघेतील धमनीतून बारीक नळी घालून, रंगद्रव्य सोडून काढलेली चित्रमालिका. मूत्रपिंडाच्या आतील बारीक शाखांची अरुंदता पुष्कळदा याच तपासणीत दिसते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या मुलांत मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीची एक गाठही दाब चढवू शकते. म्हणून भूल देण्यापूर्वी तिचाही शोध घ्यावा लागतो. विल्यम्स विकाराच्या मुलांना भूल देणे हृदयामुळे जोखमीचे असते. ते काम अनुभवी भूलतज्ज्ञांच्याच हाती असावे.

उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी औषधांची. रक्तवाहिन्या सैलावणारी औषधे देऊन दाब हळूहळू उतरवितात; एकदम उतरविल्यास मेंदूला व डोळ्यांना रक्त अपुरे पडण्याचा धोका असतो. रेनिनपासून सुरू होणारी क्रिया मध्येच अडविणारी औषधेही आहेत. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून या वर्गातील पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, तयार झाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मात्र दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील, किंवा मूल एकाच मूत्रपिंडावर जगत असेल, तर याच औषधाने मूत्रपिंडाचे काम एकाएकी मंदावते. घरातील आजोबांची रक्तदाबाची गोळी अर्धी करून नातवास देणे किती घातक ठरू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

दुसरी पायरी फुग्याची. झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये हृदयाच्या आणि १९७८ मध्ये मूत्रपिंडाच्या अरुंद धमनीत नळीच्या टोकावरील फुगा फुगवून ती रुंद केली. मुलांमध्ये हीच रीत भूल देऊन वापरतात. पोट उघडावे लागत नाही आणि मूल थोड्याच दिवसांत घरी जाते. पुष्कळ मुलांचा दाब यामुळे उतरतो, काहींची औषधे कमी होतात, काहींची सुटतातही. परंतु सर्वांना सारखाच गुण येत नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये धमनीची भिंत इतकी चिवट असते, की फुगा काढताच ती पुन्हा आक्रसू शकते. अशा वेळी फुगवणी पुन्हा करावी लागते. मोठ्यांच्या धमनीत बसवितात तशी जाळी मुलांत शक्यतो टाळतात. मूल वाढते, जाळी वाढत नाही.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची. अरुंद भागाला वळसा घालून नवी वाट करणे, धमनी कापून रुंद जागी पुन्हा जोडणे, किंवा मूत्रपिंड काढून त्याच मुलाच्या पोटात खालच्या बाजूस नव्याने बसविणे, अशा रीती आहेत. एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालेले आणि दुसरे निरोगी असेल, तर निकामी मूत्रपिंड काढून टाकणे हाही मार्ग असतो. शक्य असेल तर मूल थोडे मोठे होईपर्यंत औषधांवर दाब सांभाळून मग शस्त्रक्रिया करणे वैद्य पसंत करतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. धमनी रुंद करून उपयोग नाही, गोळ्याच बऱ्या, असे कोणी ऐकले असेल. त्यास आधार आहे. २००९ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत औषधांच्या जोडीला जाळी बसवून विशेष अधिक लाभ आढळला नाही. परंतु त्या चाचण्या वयस्क माणसांच्या होत्या, की ज्यांच्या धमनीत मेदाचे थर साचलेले असतात. मुलांची अरुंदता निराळ्या कारणाची असते. यास्तव त्या निष्कर्षावरून मुलाचा उपचार सोडून देणे योग्य नव्हे.

गावापासून रुग्णालयापर्यंत

एवढे सूक्ष्म काम प्रत्येक तालुक्यात होणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. तालुक्यात व्हावयाचे काम निराळे आहे. कासारवर्णे, डिचोली किंवा साखळी येथील आरोग्य केंद्रात दाब मोजला जावा. शंका आल्यास म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूल पोचावे. आणि तेथील बालरोगतज्ज्ञ सांगतील तर मुंबईसारख्या ठिकाणच्या मोठ्या केंद्रात जावे. परळ येथील वाडिया रुग्णालय खास मुलांचे आहे. तेथून जवळच असलेले के. ई. एम. रुग्णालय हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ विकारविषयक धोरणाखाली नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी एक आहे. खर्चाच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे पहिल्याच पायरीवर थांबतात. गोवा शासनाने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. सरकारी रुग्णालयांत न होणाऱ्या उपचारांसाठी मेडिक्लेम योजनाही आहे. कोणता उपचार कोणत्या योजनेत बसतो, कोणते दाखले लागतात, याची चौकशी आरोग्य केंद्रात आधीच करावी. पंचायतीच्या सचिवांनी आणि सदस्यांनी रहिवासाचा दाखला विनाविलंब मिळवून दिला, तर तेवढ्यानेही एखाद्या कुटुंबाच्या चार फेऱ्या वाचतात.

उपचार झाल्यानंतरची जबाबदारी मात्र पुन्हा गावाकडे येते. फुगवलेली धमनी काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा अरुंद होऊ शकते, आणि ते कळण्याचा पहिला मार्ग म्हणजे पुन्हा तोच पट्टा. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आहारात मीठ बेताचे असावे. पावसाळ्यासाठी पुरुमेंत म्हणून भरून ठेवलेली सुकी मासळी, खारातली लोणची आणि पापड या मुलाच्या ताटात नेहमी नसावेत. उपकेंद्रातील परिचारिकेने दाबाचा आकडा, दिनांक व पट्ट्याचे माप एका वहीत नोंदवावे, आणि ती वही मुलाबरोबर प्रत्येक रुग्णालयात जावी.

दोष कोणाचा?

अशा मुलांच्या मातांना जे ऐकावे लागते, त्याविषयीही बोलणे आवश्यक आहे. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून अंगावर डाग आले, असे म्हणणारे लोक अजून आहेत. कोणी घराण्याचा दोष काढतो, कोणी नात्यातील विवाहाकडे बोट दाखवितो. विज्ञान काय सांगते? न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या सुमारे निम्म्या मुलांत जनुकातील बदल त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. माता वा पिता यांपैकी कोणाच्याही अंगी तो नसतो. विल्यम्स विकारात तर बहुतेक सर्वच मुलांची हीच स्थिती असते. ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा किंवा मातेच्या वागण्याचा त्याच्याशी संबंध नाही. नात्यातील विवाहाने काही जनुकीय विकार वाढतात हे खरे, परंतु या दोहोंना ते कारण लागू होत नाही. मात्र ज्याच्या अंगी विकार आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून अशा मुलाच्या माता-पित्यांची व भावंडांची तपासणी करून घ्यावी, आणि मूल मोठे झाल्यावर विवाहापूर्वी त्याला योग्य सल्ला मिळावा. हे डाग स्पर्शाने पसरत नाहीत. अशा मुलास वर्गात वेगळे बसविण्यास कोणतेही कारण नाही.

देवापुढे गाऱ्हाणे घालणे, कौल घेणे ही इकडील जुनी रीत आहे आणि संकटात ती मनाला धीर देते. ते गाऱ्हाणे घालून झाल्यावर त्याच दिवशी मूल आरोग्य केंद्रात न्यावे, एवढीच अपेक्षा आहे. श्रद्धा आणि तपासणी यांत विरोध नाही. विलंब आणि तपासणी यांत आहे.

बंधुभगिनींनो, दुर्मिळ विकाराचा प्रश्न मोठ्या शहरांतील तज्ज्ञांनी सोडवावयाचा, अशी एक समजूत आहे. अरुंद धमनी रुंद करण्याचे काम खरोखरच त्यांचे आहे. परंतु ती अरुंद आहे ही शंका प्रथम ज्यांना यावयाची, ते पेडण्याच्या अंगणवाडीतील सेविका, डिचोलीच्या शाळेतील शिक्षक आणि घरातील आई हेच होत. मुलाच्या अंगावर सहा किंवा अधिक डाग आहेत काय, त्याचे डोके वारंवार दुखते काय, त्याला कधी आकडी आली होती काय, हे विचारण्यास उपकरण लागत नाही. या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर योग्य मापाच्या पट्ट्याने त्या मुलाचा दाब मोजवून घ्यावा. आणि आलेला आकडा मुलाच्या वयाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यास घरी धाडू नये.